एकाच सेटवर ट्रॅकही आणि घोडबंदर रोडही?

प्रश्न: ऐरोलीला राहतो, ऑफिस घोडबंदर रोडला. गाडी आय20 एन लाइन, टायर कंपनीचेच, 195/55 आर16, नक्षी साधारण निम्मी उरली आहे. नोव्हेंबरमध्ये मित्रांबरोबर चेन्नईला पहिला ट्रॅक डे, म्हणजे आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस, करायचा विचार आहे. एक मित्र म्हणतो सेमी-स्लिक, म्हणजे जवळजवळ बिननक्षीचे ट्रॅकचे टायर, टाक. दुकानदार म्हणतो 17 इंची अलॉय घ्या, दोन्ही कामं होतील. मला रोजच्या वापराला आणि ट्रॅकला चालेल असा एकच चांगला सेट सुचवा.

उत्तर: तुर्भ्याला टायर आणि अलाइनमेंटचं काम करतो, आणि ट्रॅकवर जाणाऱ्या बऱ्याच गाड्या आमच्याकडूनच तयार होऊन जातात, त्यामुळे हा प्रश्न नेहमीचा आहे. तुम्हाला दुकानदार म्हणून उत्तर द्यायचं तर काहीतरी विकायला हवं. पण नोव्हेंबरसाठी काहीही विकत घेऊ नका. आहेत त्याच टायरवर जा.

निम्मी नक्षी उरलेला रस्त्याचा टायर कोरड्या ट्रॅकवर नव्याकोऱ्या टायरपेक्षा बरा वागतो. नव्या टायरची नक्षी 7-8 मिलिमीटर खोल असते, म्हणजे रबराचे उंच, सुटे ठोकळे. जोरात वळण घेतलं की हे ठोकळे मुळापासून वाकतात, सरळ होतात, पुन्हा वाकतात. या हालचालीनेच रबर आतून तापतं, कडा फाटतात, कधी कधी छोटे तुकडे उडून जातात. ठोकळा 4 मिलिमीटरचा राहिला की तो कमी वाकतो, कमी तापतो, आणि स्टीअरिंगलाही गाडी लवकर उत्तर देते. परदेशातल्या काही रेसमध्ये तर नवीन टायरची नक्षी मशीनवर तासून कमी करूनच गाडी उतरवतात. तुमचं तासकाम घोडबंदर रोडने फुकट करून दिलंय.

अट एकच, टायर धडधाकट हवा. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी चार आकडे असतात. 2322 असेल तर 2022 सालचा तेविसावा आठवडा. ही तारीख बहुधा एकाच बाजूला असते, ती आत गेली असेल तर गाडी लिफ्टवर घेऊन बघा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी कितीही असली तरी मी ट्रॅकवर पाठवत नाही. फुगा आलेला, साइडवॉलला कट असलेला, खांद्याजवळ, म्हणजे नक्षी आणि साइडवॉल मिळतात त्या कडेला, पंक्चर काढलेला, यातलं काहीही असेल तर तो टायर रस्त्यावरूनही उतरवा.

आता मुळातला फरक. रस्त्याच्या टायरचा खरा शत्रू पाणी, ट्रॅकच्या टायरचा शत्रू उष्णता. दोन्ही टायर बनवणारे इंजिनिअर वेगवेगळ्या गोष्टींशी भांडत असतात, म्हणून एक दुसऱ्याचं काम अर्धवटच करतो.

रस्त्याच्या टायरचं मिश्रण असं असतं की सकाळी गाडी काढल्या काढल्या, थंड असतानाच तो पकडला पाहिजे. त्यात सिलिका भरपूर असते, ती ओल्या रस्त्यावरची पकड वाढवते आणि पेट्रोलही वाचवते. पण सलग वळणं आणि जोराचे ब्रेक सुरू झाले आणि टायर शंभरेक अंशांच्या आसपास गेला की रबर बुळबुळीत वागायला लागतं. स्टीअरिंग वळवलेलं असतं आणि नाक सरळ जात राहतं. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, वळायचं काम तीच चाकं करणार, ओढायचंही तीच करणार, ब्रेकचा बहुतेक भारही तीच घेणार. त्यामुळे पुढचे दोन टायर तीन-चार लॅपमध्येच दमतात. घाबरू नका, हा टायरचा निरोप आहे. एक लॅप हळू मारली की ते बऱ्यापैकी सावरतात.

सेमी-स्लिकचं उलट. त्याचं मिश्रण 70-80 अंशांच्या पुढे जागं होतं. नक्षी नावापुरती, खांदे जवळजवळ सपाट, साइडवॉल कडक. योकोहामाचा ए050 हातात घेऊन बघा, चार-दोन खाचा आणि बाकी सगळं रबर. गरम झाला की त्याच्याइतकी पकड तुमच्या गाडीने कधी पाहिलेली नसेल. पण ऐरोली ते घोडबंदर या प्रवासात, सिग्नल आणि ट्रॅफिकमध्ये, तो कधी 70 अंशांना पोचणार? रोजच्या रस्त्यावर तो कायम थंड राहतो, आणि थंड सेमी-स्लिक चांगल्या रस्त्याच्या टायरपेक्षा जास्त पकडतो या भ्रमात राहू नका. अचानक ब्रेक मारायची वेळ नेमकी थंड टायरवरच येते.

आणि मग पाऊस. ठाणे-नवी मुंबईत वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. चांगली नक्षी असलेला टायर 80 च्या वेगाला सेकंदाला तीसेक लिटर पाणी बाजूला सारू शकतो. पाण्याला जायला जागा नक्षीतूनच मिळते. नक्षी नसली की टायर पाण्यावर चढतो. विमानाच्या टायरवर अभ्यास करून काढलेलं एक जुनं सूत्र आहे, त्यात हा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. साचलेलं पाणी, गोटा झालेला टायर आणि 32 पीएसआय हवा धरली तर उत्तर येतं ताशी सुमारे 94 किलोमीटर. हवा 25 असेल तर 83. अटल सेतूवर कारला 100 ची परवानगी आहे. तेव्हा जुलैत सेमी-स्लिकवर अटल सेतू, हा विचार मनातून काढून टाका.

पाण्याखेरीज इथे आणखी पुष्कळ काही आहे. घोडबंदर रोडचे खड्डे तर आहेतच. पण चौकाचौकात बसवलेले पेव्हर ब्लॉक, उड्डाणपुलांच्या जोडावरच्या लोखंडी पट्ट्या, रस्त्यावर मारलेले जाड पांढरे पट्टे, पहिल्या पावसात कंटेनरवाल्या रस्त्यांवर वर येणारं तेल, या सगळ्यांवर थंड आणि कडक टायर सारखाच वागतो, म्हणजे घसरतो. पाम बीच रोडवर रात्री सेमी-स्लिक लावून हिंडणारे मला माहीत आहेत. ते टायर का घेतात हेही माहीत आहे. त्यांना सल्ला विचारायचा नसतो, त्यामुळे तो विषय सोडतो.

17 इंची अलॉयचं गणित साधं आहे. 195/55 म्हणजे साइडवॉलची उंची 195 च्या 55 टक्के, सुमारे 107 मिलिमीटर. 17 इंचीवर बहुधा 205/45 बसवतील, म्हणजे 92 मिलिमीटर. एकूण व्यास जवळपास तोच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही, दुकानदार त्या बाबतीत खोटं बोलत नाहीये. पण खड्डा आणि रिम यांच्यामधलं रबर दीड सेंटिमीटरने कमी झालं. आमच्याकडे पावसाळ्यात वाकलेले रिम आणि फुगे आलेले टायर घेऊन जे येतात, त्यांत 45 आणि 40 प्रोफाइलवाल्यांची गर्दी असते. ट्रॅकवरही फायदा तुम्हाला वाटतो तितका नाही. रिम जड आली तर गाडी पळायला आणि थांबायला दोन्हीकडे मंदावते. फोटोत मात्र छान दिसते, हे मान्य. आणि 17 इंचीवर गेलातच तर लोड इंडेक्स बघून घ्या. 87 म्हणजे एका टायरला 545 किलो. मूळ टायरपेक्षा कमी आकड्याचा टायर घ्यायचा नाही. त्यापुढचं अक्षर वेगाचं, एच म्हणजे 210, व्ही म्हणजे 240. तेही मूळ अक्षराच्या खाली नको.

मधला मार्ग आहे का? आहे, पण आपल्याकडे तो अरुंद आहे. काही टायरच्या साइडवॉलवर ट्रेडवेअर हा शब्द आणि पुढे आकडा असतो. 400-500 म्हणजे टिकाऊ, फिरायला न्यायचा टायर. 300 च्या आसपास चांगले स्पोर्ट टायर. 200 म्हणजे हौशी ट्रॅकवाल्यांचा लाडका वर्ग, जो रस्त्यावरून ट्रॅकपर्यंत जातो आणि परतही येतो. 100 च्या खाली सेमी-स्लिक. हा आकडा अमेरिकेच्या नियमासाठी कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एका कंपनीचा 300 आणि दुसरीचा 300 सारखा धरू नका, आणि आपल्याकडच्या पुष्कळ टायरवर तो नसतोच. अडचण अशी की जून 2020 पासून नव्या टायरच्या आयातीवर सरकारी परवान्याचं बंधन आलं, त्यामुळे 200 वाला विलायती टायर आपल्या साइजमध्ये मिळणं नशिबाचा भाग झालाय. कोणी ‘बाहेरून आलेला’ म्हणून दाखवलाच तर साइडवॉलवर आयएसआयची खूण आहे का आणि तारीख काय, हे आधी बघा. आयएसआय नसलेला टायर घेऊ नका. गोदामात तीन वर्षं पडलेला महागडा टायर इथल्याच कारखान्यातून गेल्या महिन्यात निघालेल्या टायरपुढे हरतो.

रोजच्या वापराला पुढे घ्याल तेव्हा चांगला स्पोर्ट टायर घ्या, ज्याची ख्याती ओल्या ब्रेकिंगसाठी आहे. तुमच्या साइजमध्ये मिशेलिन, कॉन्टिनेन्टल, ब्रिजस्टोन, योकोहामा, अपोलो, एमआरएफ यांपैकी कोणाचा ना कोणाचा मिळेल. नाव मी सांगत नाही, कारण दर सहा महिन्यांनी मॉडेल आणि साठा बदलतो. मी स्वतः दोन गोष्टी बघतो. तारीख ताजी आहे का, आणि नक्षीचे मुख्य उभे नाले रुंद आहेत का.

आता वेळापत्रक. आपल्याकडचा पाऊस या कामात चक्क मदत करतो. मे महिन्यात नवीन टायर टाका, पावसाळा त्यांच्यावर काढा. आणखी एक-दोन पावसाळ्यांनी नक्षी 4 मिलिमीटरच्या आसपास आली की ऑक्टोबर ते मार्च हे महिने आपल्याकडे कोरडे (चेन्नईत मात्र डिसेंबरपर्यंत पाऊस असतो), तेव्हा त्याच टायरवर ट्रॅकची हौस भागवा. पुढच्या मे महिन्यात ते संपवून पुन्हा नवीन. कायद्याची मर्यादा 1.6 मिलिमीटर, नालीतले छोटे उंचवटे नक्षीच्या पातळीला आले की ती संपली. पण पावसात मी 3 च्या खाली जाऊ देत नाही. आणि एक गोष्ट लोक विसरतात. ट्रॅकवर वारंवार तापून थंड झालेलं रबर कडक होत जातं. नक्षी डोळ्यांना 4 दिसत असली तरी त्याची ओल्यातली पकड गेलेली असते. ट्रॅकवर चांगला पिळलेला टायर ‘नक्षी आहे ना अजून’ म्हणून जूनमध्ये पुन्हा घोडबंदरला वापरायचा नाही.

टायरचे वाचलेले पैसे ब्रेकवर घाला. ब्रेक ऑइल ताजं डॉट 4 भरून घ्या. नवीन असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, आणि पाणी शोषलं की किमान 155 पर्यंत उतरतो. आपल्या दमट हवेत दोन-तीन वर्षं न बदललेल्या ऑइलवर ट्रॅकला जाणं, यापेक्षा टायरची चर्चा दुय्यम आहे. पॅड निम्म्याच्या वर हवेत. अलाइनमेंट करून निघा.

हवेवर जरा थांबतो, कारण ट्रॅकवर पकडीचा सगळ्यात स्वस्त हिस्सा तिथे आहे. हवा तापली की फुगते. 30 अंशांच्या सकाळी तुम्ही 32 भरलीत आणि टायरमधली हवा 70 ला गेली, तर काटा 38 दाखवेल. हे गणित आहे, टायरचा ब्रँड कोणताही असो. म्हणून ट्रॅकवर थंड हवेचा आकडा फार कामाचा नाही, बाहेर आल्याबरोबर मोजलेला गरम आकडा कामाचा. रस्त्याच्या टायरला पुढच्या चाकांत गरम असताना 36 ते 38 च्या दरम्यान ठेवा. सुरुवातीला दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तोच भरा. ‘ट्रॅकला हवा कमी करतात’ हे सेमी-स्लिकवाल्यांचं ऐकून 26 वर उतरू नका. मऊ साइडवॉलचा टायर तेवढ्या हवेत वळणावर कुशीवर झोपतो आणि बाहेरचा खांदा एका दुपारीत साफ होतो.

तो किती झोपतोय हे बघायला शाळेचा खडू पुरे. साइडवॉलच्या वरच्या कडेला, नक्षी जिथे संपते तिथे बऱ्याच टायरवर एक छोटा त्रिकोण असतो. त्या त्रिकोणाजवळ नक्षीपासून साइडवॉलपर्यंत बोटभर रुंद खडूचा आडवा पट्टा ओढा, प्रत्येक पुढच्या चाकावर तीन ठिकाणी. दोन-तीन जोराच्या लॅप मारून बाहेर या. खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला असेल तर हवा बरोबर. त्रिकोण ओलांडून अक्षरांकडे सरकला असेल तर दोन पीएसआय वाढवा. त्रिकोणापर्यंत पोचलाच नसेल तर थोडी सोडा. काटा मात्र स्वतःचा न्या, आणि सगळीकडे तोच वापरा. ट्रॅकवरचा पंप आणि कळंबोलीच्या पेट्रोल पंपावरचा पंप दोन-तीन पीएसआयने सहज वेगळं बोलतात. नायट्रोजनसाठी जादा पैसे देऊ नका. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो, खरा फायदा असतो तो हवा कोरडी असण्याचा.

चेन्नईचा ट्रॅक, म्हणजे श्रीपेरुंबुदुरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट, 3.717 किलोमीटरचा आहे आणि घड्याळाच्या दिशेने चालवतात. उजवी वळणं जास्त, म्हणजे भार डाव्या चाकांवर. पुढचा डावा टायर सगळ्यात गरम आणि सगळ्यात आधी झिजणारा. प्रत्येक सेशननंतर आधी त्याच्यावर हात फिरवा. पृष्ठभाग बारीक वाळूच्या कागदासारखा एकसारखा लागला तर उत्तम. कडेला रबराच्या वळकट्या जमल्या असतील किंवा ठोकळ्याचा तुकडा गेला असेल तर पुढचं सेशन हळू चालवा. जेवणाच्या सुट्टीत पुढची चाकं मागे, मागची पुढे करता येतात. साइडवॉलवर बाण असेल तर चाक त्याच बाजूला ठेवायचं, डावीकडचं उजवीकडे न्यायचं नाही. सेशन संपताना एक लॅप ब्रेक न वापरता हळू मारा, आणि पार्क केल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा.

परतीचं नीट ऐका. दिवसभर गरम टायरमधून हवा सोडत तुम्ही 36 वर आणली. रात्री टायर थंड झाला की तीच हवा साडेएकोणतीसच्या आसपास येते. गाडीत चार माणसं, बॅगा, आणि समोर बंगळुरू-कोल्हापूर-पुणे मार्गे बाराशे-तेराशे किलोमीटर. कमी हवेचा टायर हायवेच्या वेगात साइडवॉलमधून तापतो आणि फुटतो तो तिथूनच. समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात वाढले तेव्हा आरटीओने प्रवेशद्वारावर टायर तपासायला सुरुवात केली होती, ती उगीच नाही. ट्रॅकवरून निघण्याआधी, टायर पूर्ण थंड झाल्यावर, स्टिकरवरच्या भरलेल्या गाडीच्या आकड्याएवढी हवा भरा. पहिले काही किलोमीटर गाडी थरथरली तर बॅलन्सिंग गेलं म्हणून लगेच गॅरेज शोधू नका. गरम टायरला ट्रॅकवरचे रबराचे कण चिकटलेले असतात, ते झिजून जातात. पन्नास किलोमीटरनंतरही थरथर राहिली तर मात्र दाखवा.

आणि विमा. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, त्यात संघटित रेसिंग आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅक डे ही रेस नव्हे, असा वाद घालता येईल, पण गाडी भिंतीला लागल्यावर तो वाद घालायची माझी तयारी नाही. तिथे जे मोडेल ते आपल्या खिशातून, असं धरूनच जा.

दोन-तीन ट्रॅक डे झाले, हौस टिकली आणि तुम्ही स्वतः टायरपेक्षा वेगवान झालात असं वाटलं, तर दुसरा सेट करा, पण 16 इंचीच. कोणीतरी 17 इंचीवर गेलेला असतोच, त्याच्या काढलेल्या कंपनीच्या अलॉय स्वस्तात मिळतात. बॅलन्सिंग मशीनवर फिरवून रिम सरळ आहे का बघा, आतल्या कडेला वेल्डिंगची खूण आहे का बघा, आणि त्यावर मग हवे ते चिकट टायर चढवा. मागची सीट पाडली की चार चाकं आय20 मध्ये मावतात, सोबत्याला मात्र विमानाने यायला सांगा. जातायेता रस्त्याचे टायर, ट्रॅकवर ट्रॅकचे. चाकं बदलल्यावर नट टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने, 107 ते 127 न्यूटन-मीटरच्या दरम्यान आवळा, पायाने पाना दाबून नाही, आणि पहिल्या सेशननंतर, टायर थंड झाल्यावर, पुन्हा एकदा तपासा.